टाइमकीपरचा अभिप्राय

रेल्वे इन्स्टिट्यूटच्या स्मरणिकेसाठी
उखर्डू सपकाळेवर चार ओळी द्या, म्हणाले.
चार ओळींत तो मावायचा नाही.
भुसावळच्या पार्सल ऑफिसातल्या काट्यावरही
त्याचा एक पाय बाहेर राहायचा,
आणि हमाल म्हणायचा, लिहा साहेब,
नव्वदच्या वर काहीतरी.

आधी उजवा हात.
वाफेच्या इंजिनावर फायरमन होता तो, हे विसरू नका.
फावडं कोळशात घुसवायचं, उचलायचं,
भट्टीच्या तोंडात फेकायचं,
घाट येईपर्यंत हेच.
तीच हालचाल त्यानं रिंगणात आणली.
ठोसा खालून यायचा, बरगडीच्या खालून,
आणि समोरचा गडी
आत काही पेटल्यासारखा
तोंड उघडं टाकून उभा राहायचा.

उणीवही तिथंच.
फावडं रिकामं झालं की खाली येतं.
ठोसा बसला की त्याचा हात
कोळसा शोधत मांडीपाशी जायचा
आणि हनुवटी उघडी पडायची,
वैशाखातल्या रात्री दार असतं तशी, सताड.
रोझारिओ मास्तरांचा घसा बसला ओरडून.
एकदा त्यांनी मनगट सुतळीनं गळ्याशी बांधलं,
सरावाच्या पहिल्याच मिनिटाला सुतळी तुटली.

पहिली फेरी तो फुकट द्यायचा.
बॉयलर तापायला वेळ लागतो, म्हणायचा.
आणि पडणाऱ्या माणसाला धरायचा,
काखेत हात घालून,
फलाटावरून म्हातारं कोणी घसरावं तसा.
पंचांनी दोनदा गुण कापले त्यापायी.
हे मी कोणत्या रकान्यात लिहू?

तुम्ही छापणार, ‘कधीच आडवा झाला नाही.’
तर ऐका.
विभागाचा अंतिम सामना, दुसरी फेरी,
खरगपूरचा तो डावखुरा.
दोरांना टेकलेला उखर्डू, डोळ्यांत नुसतं पांढरं,
हात दोन्ही खाली.
पहिल्या रांगेत त्याची आई.
आधीची तीन गेली म्हणून
याला तिनं जन्मल्या दिवशी उकिरड्यावर ठेवला होता,
पुन्हा उचलला होता आणि नावही तेच दिलं होतं,
मरणाला किळस यावी म्हणून.
ती ओरडत नव्हती.
पदराच्या टोकाला गाठ मारत होती, सोडत होती.

माझ्या घड्याळात दोन मिनिटं एकोणपन्नास सेकंद.
मी घंटा वाजवली.

एक मिनिट बादलीचं पाणी, एक मिनिट लिंबू,
आणि तिसऱ्या फेरीत भट्टी लागली.
सभागृहातल्या खुर्च्या मोडल्या त्या दिवशी,
बिलं मीच पास केली.
खरगपूरचा पोरगा घंटेकडे बघत राहिला होता,
त्याचं नाव मला आठवत नाही,
आठवायला हवं होतं.

प्रेमानं म्हणावं, तर माझी त्याची ओळख
पगारपत्रकाइतकीच.
भीतीनं म्हणावं, तर कोणाच्या?

पुढं वाफ गेली, विजेची इंजिनं आली,
फावडं स्टोअरमध्ये जमा झालं.
निवृत्तीच्या दिवशी तीन नंबरवर बशीत चहा ओतताना
तो एवढंच बोलला,
‘बापू, तुमचं घड्याय पुढं पयते.’
फुंकर मारून चहा प्याला.
विषय संपला.

त्याच्या मागं काय राहिलं विचाराल तर
खडका रोडची पोरं अजून
ठोसा मारून हात खाली सोडतात, ऐटीत.
दोघांची नाकं चपटी झाली.
एक जण राज्यापर्यंत गेला, तोही हात खालीच ठेवून,
आणि पडणाऱ्याला धरतो म्हणे.
कोणी शिकवलं नाही त्याला.

घड्याळ मी दुरुस्तीला टाकलं नाही.
ते बरोबरच होतं.
बाकी तुम्ही छापायचं ते छापा,
फक्त वजनाचा आकडा नेमका करू नका.
नव्वदच्या वर काहीतरी,
असंच राहू द्या.